किल्ल्याचा दुसरा दरवाजा

किल्ला कसा बांधावा याविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात जे विवेचन केले आहे, त्यातील एक सूचना मोठी मार्मिक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या या ग्रंथात पंतांनी असे सांगितले आहे, की किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. किल्ल्याची जागा पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्याही करून ठेवाव्यात. मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. शिवकालापासूनचा अनुभव या सूचनेमागे उभा आहे. वेढा पडल्यावर दुसरी वाट खणू म्हणणाऱ्याला ती खणता येत नाही. ती आधीच असावी लागते, आणि गरज पडेपर्यंत गुप्त व बंद असावी लागते.

आज मला बोलावयाचे आहे ते गडकोटांविषयी नव्हे, संदेशवहनाविषयी. इस्पितळातील तपासण्यांचे अहवाल, पेढीतील देवघेव, वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री येणाऱ्या बातम्या, परगावी असलेल्या मुलाशी होणारे बोलणे, हे सारे आता इंटरनेटच्या एका बारीक तारेवरून चालते. ती तार तुटली, की कचेरीचा व्यवहार थांबतो. म्हणून शहाणी माणसे दोन निराळ्या कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतात आणि दोहोंमध्ये लिनक्स या प्रणालीवर चालणारा एक लहानसा संगणक द्वारपाल म्हणून बसवितात. ही युक्ती नवी वाटते. परंतु तिच्यामागचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा आहे. दुसरी वाट विकत घेणे सोपे असते. ती पहिलीपासून खरोखरच निराळी आहे काय, हे पाहणे कठीण असते. आणि पहिली बंद पडली हे वेळीच ओळखून दुसरीवर वळणे त्याहूनही कठीण असते. हा धडा माणसाने एकदाच शिकून ठेवला असे झाले नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने शिकावा लागला.

प्रारंभ आपल्याच देशापासून करू. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ साली कलकत्त्यात तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५४ च्या मार्चमध्ये आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला. पुढे थोड्याच अवधीत आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरवरून मुंबईपर्यंत आणि मुंबईहून मद्रासपर्यंत तारा पोचल्या. नकाशावर हे जाळे भव्य दिसे. पण ते वस्तुतः जाळे नव्हतेच, ती एक लांबच लांब दोरी होती. कलकत्त्याहून मद्रासला संदेश पाठवावयाचा, तर तो आधी आग्र्याला, तेथून माळव्यातून मुंबईला आणि मग दक्षिणेस असा साऱ्या हिंदुस्थानास वळसा घालून जाई. किनाऱ्याकिनाऱ्याने मद्रासेस जाणारी सरळ तार तेव्हा पुरी झालेली नव्हती.

अशा स्थितीत १८५७ साल उजाडले. जूनमध्ये ग्वाल्हेरची पलटण उठली, १ जुलैला इंदूरला उठाव झाला, आणि आग्रा ते इंदूर या पट्ट्यातील तार तुटली. मध्यभागीचा एक तुकडा गेला आणि राजधानीचा मुंबईशी व तिच्याद्वारे मद्रासशी असलेला तारेचा संबंध संपला. पुढचे कित्येक महिने टपाल आणि जहाजे यांवरच भिस्त ठेवावी लागली. कंपनी सरकारचा जीव तारेत आहे हे ज्यांनी तार तोडली त्यांनी बरोबर ओळखले होते. ज्या दोरीला एकच पीळ आहे ती कोठे कापली याला महत्त्व नसते. कोठेही कापली तरी ती तुटतेच. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना ज्या मार्गाची धूळ परिचयाची आहे, त्याच मार्गावर संदेशवहनाचा हा पहिला मोठा धडा गिरविला गेला.

हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामध्ये तर त्या वेळी तारच नव्हती. मीरतला १० मे रोजी भडका उडाला, त्याची वार्ता लंडनला जूनच्या अखेरीस पोचली. या विलंबाने हादरलेल्या ब्रिटिश सरकारने तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत घाईने समुद्रतार टाकविली. ती १८६० मध्ये पुरी होते न होते तोच निकामी झाली. नंतर १८६४ साली इराणच्या आखातात समुद्रतार पडली आणि १८६५ मध्ये ती तुर्कस्तानच्या जमिनीवरील तारेस जोडली गेली. आता संदेश कराचीहून आखातातून फावला, तेथून बगदाद व कॉन्स्टँटिनोपलमार्गे युरोपात जाऊ लागला. परंतु वाटेत तो हातोहात पुन्हा लिहिला जाई. इंग्रजी न जाणणाऱ्या तारवाल्यांच्या हातून त्याची दुर्दशा होई आणि कधीकधी तो दिवसचे दिवस अडकून पडे.

मग दुसऱ्या वाटेचा शोध सुरू झाला, आणि १८७० या एका वर्षात दोन नव्या वाटा खुल्या झाल्या. जानेवारीच्या अखेरीस सीमेन्स बंधूंनी बांधलेली लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान अशी जमिनीवरील तार सुरू झाली. त्याच वर्षी ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतार अंथरली आणि जूनमध्ये लंडन-मुंबई हा समुद्रमार्ग पुरा झाला. तुर्कस्तान, इराण आणि सुएझ अशा तीन वाटा व्यापाऱ्यापुढे एकाच वेळी उभ्या राहिल्या. कोणत्या वाटेने तार जावी हे पाठविणारा आपल्या अर्जावर लिहून देई. एका वाटेचा दर एक, दुसरीचा दुसरा. कोणाचा माल कोणत्या वाटेने न्यावयाचा याचा निर्णय केवळ मुक्कामावरून न करता पाठविणाऱ्याच्या इच्छेवरून करावयाचा, ही कल्पना ध्यानात ठेवावी. पुढे ती लिनक्सच्या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

पण या तीन वाटांत एक मेख होती. तुर्कस्तानची वाट फावला आणि इराणची वाट बुशहरला, अशा दोन्ही आखाताच्या काठी येऊन मिळत, आणि तेथून कराचीपर्यंत दोहोंचा भार त्या आखातातील तारेवरच पडे. युरोपात हजारो मैल एकमेकींपासून दूर असलेल्या या दोन वाटा शेवटच्या टप्प्यात एका अरुंद बोळातून जात होत्या. १८६९ मध्ये बुशहर ते जास्क अशी दुसरी समुद्रतार टाकली गेली, त्यामागे हेच शहाणपण होते. खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी वाट सुएझची. तीन नावे असली म्हणजे तीन वाटा झाल्या असे नव्हे.

यानंतर शंभर वर्षांनी या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार झाला तो अमेरिकेत. रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६० नंतरच्या चार वर्षांत असा प्रश्न घेतला, की अण्वस्त्रांचा हल्ला होऊन निम्मी ठाणी नष्ट झाली, तर उरलेली एकमेकांशी बोलू शकतील काय? सारी सूत्रे एका मध्यवर्ती ठाण्याकडे नेली, तर ते ठाणे पडताच सर्व संपते. बॅरन यांनी मासेमारीच्या जाळ्यासारखी रचना सुचविली. तीत प्रत्येक ठाणे शेजारच्या अनेक ठाण्यांशी जोडलेले असे, आणि संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा जी वाट मोकळी असेल तिने पुढे ढकलला जाई. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधमालेतील एक निष्कर्ष आश्चर्यकारक होता. ठाणी कशीबशी जोडण्यास जितके दुवे पुरतात, त्याच्या तिप्पट-चौपट दुवे ठेवले, की जाळे अतिशय चिवट बनते. त्यापलीकडे खर्च वाढतो, लाभ फारसा वाढत नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे अशाच विचाराला येऊन या तुकड्यांना पॅकेट हे नाव दिले.

१९६९ साली अर्पानेट हे जाळे सुरू झाले. त्याचा मूळ हेतू युद्धाचा नव्हता. दूरदूरचे महागडे संगणक विद्वानांनी वाटून वापरावेत एवढाच होता. वर्षअखेरीस त्यात चार ठाणी होती. लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड आणि सांता बार्बरा या तिघांचा त्रिकोण झाला होता. चौथे युटा मात्र एकाच तारेने स्टॅनफर्डला टांगलेले होते. त्रिकोणातील कोणतीही एक बाजू तुटली तरी तिघांचे बोलणे चालू राही. युटाची तार तुटली तर युटा एकाकी.

पुढे जाळे वाढले, प्रत्येक प्रांताला अनेक दुवे मिळाले आणि सर्वांना वाटले की आता निश्चिंत झालो. तो भ्रम १२ डिसेंबर १९८६ च्या मध्यरात्रीनंतर फिटला. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांताला अर्पानेटच्या उरलेल्या भागाशी जोडणारे सात निरनिराळे दुवे होते. सात! एक गेला तर सहा उरतील हा हिशेब. परंतु दूरध्वनी कंपनीच्या कारभारात ते सातही दुवे केव्हातरी एकाच प्रकाशतंतूच्या केबलमध्ये नेऊन ठेवले गेले होते. न्यूअर्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्या दरम्यान ती एक केबल तुटली आणि सातही दुवे एका क्षणात गेले. सुमारे अकरा तास न्यू इंग्लंड जाळ्यापासून तुटून पडले. आराखड्यावर सात रेषा होत्या, जमिनीत एकच नळी होती. आखातातील जुनी मेख येथे पुन्हा वर आली.

आता आपण कचेरीतल्या त्या लहान संगणकाकडे येऊ. इंटरनेटच्या मोठ्या घराण्यांपुरता दोन वाटांचा प्रश्न १९८९ मध्ये सुटला. त्या वर्षी कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी बीजीपी या करारपद्धतीचा आराखडा भोजनाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर मांडला, अशी त्याची जन्मकथा आहे. ज्या संस्थेजवळ स्वतःचा पत्ताप्रदेश आणि स्वतःचा क्रमांक आहे, ती या पद्धतीने दोन कंपन्यांमार्फत जगाला आपला एकच पत्ता कळवू शकते. एक वाट बंद पडली, तर जग आपोआप दुसऱ्या वाटेने येते. पण लहान इस्पितळ, शाळा, छापखाना यांना हा सरंजाम परवडत नाही. त्यांना प्रत्येक कंपनी आपापला निराळा पत्ता देते, आणि येथूनच अडचण सुरू होते.

आपल्या देशात तर दुसरी कंपनीच फार दिवस नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये नवे धोरण येईपर्यंत या व्यवसायात खाजगी कंपन्यांना वाव नव्हता. दोन दरवाज्यांचा विचार करावयास निदान दोन भिंती तरी हव्यात. त्या त्यानंतर उभ्या राहिल्या.

योगायोग असा, की लिनक्सची तयारीही त्याच सुमारास पुरी झाली. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या प्रणालीचा २.२ हा गाभा जानेवारी १९९९ मध्ये बाहेर पडला. त्यातील मार्गनिर्णयाचा भाग अलेक्सी कुझ्नेत्सोव या रशियन तज्ज्ञाने नव्याने घडविला होता. त्याचे महत्त्व समजण्यास आधीची रीत पाहावी. संगणकाजवळ मार्गांचे एकच कोष्टक असे. पॅकेट आले, की ते कोठे जावयाचे आहे एवढेच पाहून वाट ठरे. ते कोठून आले याची चौकशी होत नसे. समजा, तुमच्याजवळ पहिल्या कंपनीचा एक पत्ता आणि दुसरीचा दुसरा पत्ता आहे. बाहेरून कोणी दुसऱ्या पत्त्यावर पत्र पाठविले. तुमचे उत्तर मात्र कोष्टकातील नेहमीच्या वाटेने, म्हणजे पहिल्या कंपनीकडून, पण दुसऱ्या कंपनीचा पत्ता कपाळी लावून निघाले. पहिली कंपनी म्हणते, हा पत्ता आमचा नव्हे, हे पत्र खोट्या नावाचे दिसते. आणि ते टाकून देते. खोट्या पत्त्यांचा उपद्रव थोपविण्यासाठी अशी तपासणी करणे योग्यच आहे. परिणाम एवढाच, की दोन वाटा असूनही दुसरी मुकी राहते.

कुझ्नेत्सोव यांच्या रचनेत एकाऐवजी अनेक कोष्टके ठेवता येतात आणि त्यांच्यावर नियमांची एक यादी बसविता येते. पहिल्या कंपनीच्या पत्त्यावरून निघालेले पॅकेट पहिल्या कोष्टकाकडे पाठवावे, दुसरीच्या पत्त्यावरून निघालेले दुसऱ्या कोष्टकाकडे. प्रत्येक कोष्टकात बाहेर जाण्याचा दरवाजा एकच, आपापल्या कंपनीचा. १८७० च्या तारेच्या अर्जावर व्यापारी आपली वाट लिहून देत असे, त्याचेच हे रूप. राहता राहिली नवी, अजून कोणताच पत्ता न घेतलेली पॅकेटे. त्यांच्यासाठी मुख्य कोष्टकात दोन्ही दरवाजे वजनासह नोंदविता येतात. एक वाट दुसरीच्या दुप्पट रुंद असली, तर तिला दोन वजन आणि दुसरीला एक. हॉलंडच्या बर्ट ह्यूबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सारी कृती एका मुक्त मार्गदर्शिकेत लिहून ठेवली आणि जगभरच्या कचेऱ्यांतील तरुणांनी ती तिच्यावरून शिकून घेतली.

या वजनाच्या वाटणीलाही इतिहास आहे. पूर्वी लिनक्स एका मुक्कामासाठी एकदा निवडलेली वाट काही काळ स्मरणात ठेवी. २०१२ मध्ये हे स्मरण गाभ्यातून काढण्यात आले, तेव्हा एकाच संभाषणाची पॅकेटे दोन वाटांवर विखुरण्याचा धोका उत्पन्न झाला. २०१६ च्या आरंभी आलेल्या ४.४ या गाभ्यापासून वाट पत्त्यांच्या गणितावरून ठरू लागली आणि एका संभाषणाची पॅकेटे पुन्हा एकाच वाटेने जाऊ लागली.

तथापि खरी कसोटी याहून साधी आहे. वाट बंद पडली हे द्वारपालाला कळावे कसे? घरातील यंत्राचा दिवा हिरवा असतो, तार शाबूत असते, शेजारच्या नाक्यावरील कंपनीचे यंत्रही उत्तर देते. पण त्यापलीकडे दहा कोसांवर केबल तुटलेली असते. जवळच्याच ठाण्याला हाक मारून समाधान मानणारा द्वारपाल फसतो. म्हणून दर काही सेकंदांनी प्रत्येक दरवाज्यातून दूरच्या ठाण्याला हाक मारावी लागते. तीही एकाच ठाण्याला नव्हे, दोन-तीन ठाण्यांना, नाहीतर ते एक ठाणे झोपले असता चांगली वाट बंद समजली जाईल. लागोपाठ काही हाकांना उत्तर आले नाही, म्हणजेच तो दरवाजा यादीतून काढावा. उत्तरे परत नियमाने येऊ लागली, म्हणजे पुन्हा उघडावा. येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. वाट बदलली की पत्ताही बदलतो, त्यामुळे चालू असलेले संभाषण तुटते आणि नव्याने जोडावे लागते. दुसरा दरवाजा वेढ्यातून सुटका करतो. धक्का लागू देत नाही असे नाही.

आणि एवढे करूनही ती जुनी मेख उरतेच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन निरनिराळ्या मालकीच्या केबली तुटल्या आणि हिंदुस्थानासह अनेक देशांचे पश्चिमेकडील दळणवळण विस्कळीत झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात तीन केबली एकदम गेल्या. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तोच प्रकार झाला. १८७० मध्ये मुंबईची समुद्रतार ज्या चिंचोळ्या जलमार्गाने गेली, त्याच मार्गाने आपल्या कित्येक केबली आजही युरोपकडे जातात. कंपन्या निराळ्या, नावे निराळी, समुद्र तोच.

माझ्या परिचयाच्या एका छापखान्यात असेच घडले. दोन कंपन्या, दोन बिले, लिनक्सचा द्वारपाल, सारे यथास्थित होते. एका पावसाळ्यापूर्वी रस्ता खणणाऱ्या यंत्राने कोपऱ्यावरील चर उकरला आणि दोन्ही जोडण्या एकदम बंद पडल्या. चौकशीअंती कळले, की दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच चरातून आपली केबल नेली होती. त्या रात्री अंकाची पाने फोनवरून मजकूर सांगून पुरी करावी लागली. छापखान्याच्या चालकांनी त्यानंतर दुसरी जोडणी बदलून घेतली ती गच्चीवरील बिनतारी खांबावरून.

म्हणून ज्यांना दुसरी वाट घ्यावयाची आहे त्यांनी किमतीआधी हे विचारावे, की तुमची केबल आमच्या दाराशी कोणत्या रस्त्याने येते आणि शहराबाहेर कोणत्या रस्त्याने जाते. एकीची केबल जमिनीतून येत असेल, तर दुसरी हवेतून आणणे बरे. आणि महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, पहिल्या जोडणीची तार आपल्या हाताने काढून पाहावी. पंतांनी बाकीच्या दिंड्या चिणून टाकावयास सांगितले खरे. पण कोणती दिंडी कोठे आहे आणि ती किती घावांत मोकळी होते, हे हवालदाराला ठाऊक असलेच पाहिजे. वेढा पडल्यावर ते शोधण्यास सवड मिळत नाही.